गोल लाईनच्या मागे कोणी नाही

गोवंडी
९ डिसेंबर २०२४

प्रिय प्रबुद्ध,
सप्रेम जयभीम.

पाकिटावर तुझ्या आईचं अक्षर आहे. मुद्दाम घेतलंय लिहून. माझं अक्षर बघितलं असतंस तर न उघडता फाडलं असतंस, आणि रतनचं अक्षर फाडायची तुझी टाप नाही. फोनवर मला ब्लॉक केलंस, व्हॉट्सअॅपवर केलंस. पोस्टाला ब्लॉक करता येत नाही, भाचेबुवा. सहा तारखेला आम्ही दोघं भावंडं चैत्यभूमीला बरोबरच गेलो होतो. तुझं नाव काढलं तशी रतन म्हणाली, "दादा, दोन वर्षं होत आली. तुम्ही मामा-भाचे आता मेल्यावर बोलणार का?"

भांडण उकरायला लिहीत नाहीये. एक गोष्ट विचारायचीय, आणि ती विचारावी एवढा नियम जाणणारा दुसरा माणूस मला ठाऊक नाही. तुझी शिट्टी काढून घेतली म्हणून डोक्यातले नियम थोडेच काढून घेतले!

यंदा आपल्या रविवारच्या लीगमध्ये व्हिडिओ आलाय. हसू नकोस. आपल्या ज्या मैदानावर फक्कीची रेषा हाफटाइमपर्यंत टिकत नाही, तिथे व्हिडिओ! दोन बांबूंवर दोन कॅमेरे बांधलेत आणि व्यायामशाळेच्या माडीवर लॅपटॉप ठेवलाय. तो चालवते ऋतिका. कॉलेजात कॉम्प्युटर शिकते, जिभेला हाड नाही पोरीच्या. तिच्या शेजारी लाकडी खुर्चीवर मी. गुडघे गेले माझे, रेषेवर धावणं संपलं, म्हणून समितीने वर बसवलं. सव्वीस वर्षं झेंडी धरली, आता माउस धरतो.

यंत्र काय करतं ते सांगतो. पास निघाला त्या क्षणाला चित्र थांबवतं. प्रत्येक खेळाडूच्या अंगावर काडीचा माणूस काढतं, हात, पाय, मान, सगळं. मग बचाव करणाऱ्या टीमचे मोजतं, गोलच्या बाजूने दुसरा कोण येतो ते ठरवतं आणि त्याच्या पायातून पिवळी रेषा मारतं. फॉरवर्ड त्या रेषेच्या पुढे, तर ऑफसाइड. पहिला बहुतेक गोलकीपरच असतो, म्हणून रेषा पडते ती त्याच्या पुढच्या डिफेंडरवर. एवढं सरळ आहे.

काल पहिली मॅच. देवनारकडच्या गोलवर फॉरवर्ड चांगला दोन पावलं पुढे होता, आंधळ्यानेही झेंडी वर केली असती. गोल झाला, रेफ्रीने वॉकीटॉकीवर विचारलं, ऋतिकाने बटण दाबलं. रेषा पडली ती थेट गोलकीपरच्या पायातून. म्हणजे ऑनसाइड! मी म्हटलं, हे काय गं? ती म्हणाली, "काका, हा गोलकीपरला दुसरा धरतोय. त्याच्या मागे अजून एक आहे म्हणतोय." आणि कोपऱ्यातला आकडा दाखवला. बचाव करणारे खेळाडू, बारा.

आम्ही तो बारावा काढला. तशी सोय आहे, काडीच्या माणसावर टिचकी मारली की पुसला जातो. रेषा जागेवर आली, ऑफसाइड दिला, मॅच पुढे गेली. कॅमेऱ्याची चूक असणार. तुझ्या कानावर असं कुठे आलंय का, तेवढं कळव.

तुझा मामा,
अंबादास


२३ डिसेंबर २०२४

प्रिय प्रबुद्ध,
जयभीम.

उत्तर नाही. ठीक आहे. पत्र उघडलंस असं तुझ्या बायकोने रतनला सांगितलं, एवढं मला पुरे.

तीन रविवार झाले. बारावा दर रविवारी येतो. दुसऱ्या गोलवर येत नाही, फक्त देवनारकडच्या, डावीकडच्या खांबापाशी. कुठला खांब ते तुला सांगायला नको. चेंडू नाल्यात जाऊ नये म्हणून मंडपवाला तिथे गोलच्या मागे कनात बांधतो. आजही तीच बांधतो, लाल-पांढऱ्या पट्ट्यांची.

सेक्रेटरीला सांगितलं तर म्हणतो, "डंपिंग ग्राउंडवरच्या घारी हो, अंबादासभाऊ. सावली पडते त्यांची." घारीला कोपर असतं का रे? गुडघा असतो? बाकीचे काडीचे लोक उभे, धावणारे. हा आडवा आहे. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. नुसतं चित्र बघितलं तर तिथे गवत आणि कनात, दुसरं काही नाही. काड्या चढवल्या की तो आहे. कुणाचीही मॅच असो, जो तिथे बचाव करतो त्याच्यात हा मोजला जातो. आणि दर वेळेला रेफ्री विचारतो, आणि दर वेळेला मी टिचकी मारून त्याला पुसतो. पाच वेळा पुसला.

काल ऋतिकाने विचारलं, "काका, इथे काही झालं होतं का?"

मी सांगितलं तिला. दोन वर्षांपूर्वीची फायनल, बारा फेब्रुवारी. सम्यक स्पोर्ट्स एक गोलने पुढे, सहा-सात मिनिटं उरलेली. भांडुपच्या केतनने देवनारकडच्या गोलमध्ये चेंडू मारला आणि माझी झेंडी वर गेली. भांडुपची अख्खी टीम माझ्या अंगावर आली. "सम्यकचा सुयोग गोल लाईनच्या मागे गेलाय, त्याला धरा, मग ऑफसाइड होत नाही!" सम्यकची पोरं म्हणाली, "सुयोग पाणी प्यायला गेलाय, पार तिकडे, मागे कोणी नाही." आठ मिनिटं हीच बोंबाबोंब. मग रेफ्री माझ्याजवळ आला, म्हणजे माझा सख्खा भाचा. कानाशी लागून त्याने विचारलं, "मामा, गोल लाईनच्या मागे कोणी होता का?" मी म्हणालो, "कोणी नाही." गोल रद्द झाला.

बक्षीस समारंभ झाला, भाषणं झाली. मंडपवाल्याने कनात सोडली तेव्हा सुयोग तिथे पडलेला सापडला. चोवीस वर्षांचं पोरगं. हार्ट, म्हणाले डॉक्टर. त्याच्या आईला, सुलक्षणाकाकीला, समितीने सांगितलं की जागच्या जागी गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. आणि शेवटची मिनिटं सम्यक दहा जणांवर खेळली, ते रेफ्रीने मोजलं नाही, म्हणून रेफ्रीचं कार्ड, त्याचा परवानाच, गेला.

हे सगळं सांगितलं तिला. आणि हेही सांगितलं की मला काही दिसलं नव्हतं. समितीसमोर तू म्हणालास, "मामाला विचारा," तेव्हाही मी तेच सांगितलं होतं.

पोरगी लॅपटॉप बंद करून गेली. मला तिचा रागच आला.

मामा


६ जानेवारी २०२५

प्रबुद्धा,

तो उठून बसलाय.

काल बघितलं. पाठ खांबाला टेकवून, पाय लांब सोडून. ऋतिका किंचाळली. मी नाही किंचाळलो, पण हातातनं माउस घसरला. तरी पुसला मी त्याला. खाली लोक खोळंबले होते.

त्याआधी शुक्रवारी दुपारी आम्ही मुद्दाम गेलो होतो, मैदान रिकामं असताना. ऊन टळटळीत, एक कुत्रंसुद्धा नाही. ऋतिका म्हणाली, बघू तर खरं, सावली कुणाची पडते ते. तिने काड्या चढवल्या. कोपऱ्यात आकडा आला, एक. मी स्वतः खाली गेलो, त्या खांबापाशी उभा राहिलो. वरनं तिने फोन केला. "काका, आता दोन." मी विचारलं, माझ्यापासून किती लांब? ती म्हणाली, "लांब नाही. तुम्ही त्याच्यावर उभे आहात." मी उडी मारून बाजूला झालो. या गुडघ्यांनी, विचार कर!

घरी आलो, नियमांचं पुस्तक काढलं. तुला शिकवताना ज्याच्या कडेला मी पेन्सिलीने खुणा केल्या होत्या ना, तेच. अकरावा नियम. रेफ्रीच्या परवानगीशिवाय डिफेंडर मैदानाबाहेर गेला, तर ऑफसाइडसाठी तो गोल लाईनवरच आहे असं धरायचं, खेळ पुढच्या वेळी थांबेपर्यंत. थांबला की सुटला. मी दहा वेळा वाचलं. म्हणजे सुयोगला धरायला हवं होतं, गोल द्यायला हवा होता, आणि मग खेळ थांबल्यावर तो सुटला असता. पण ज्याला आपण धरलंच नाही, तो सुटणार कसा? हे मला तुला विचारायचं होतं. पहिल्या पत्रापासून हेच विचारायचं होतं.

आता ऐक, आणि पत्र खाली ठेवू नकोस. मला दिसलं होतं. तो छातीवर हात धरून रेषा ओलांडून गेला आणि कनातीखाली वाकून शिरला, ते मी बघितलं. मग केतनकडे पास आला, माझी नजर रेषेवर गेली आणि झेंडी वर झाली. माझ्या तोंडून तू हजार वेळा ऐकलंयस, लाईनमनने माणूस बघायचा नाही, रेषा बघायची. तसाच बघत होतो मी. झेंडी वर गेल्यावर मला सुयोग आठवला. तेव्हाच खाली करायची होती. पण साऱ्या लीगमध्ये म्हणायचे ना, अंबादासची झेंडी एकदा वर गेली की ती घरी जाऊनच खाली येते. माज होता मला त्याचा. मला वाटलं, उन्हाने चक्कर आली असेल, पाणी पिऊन येईल.

'होता' म्हणालो असतो तर तू बघायला गेला असतास. तू गेलाच असतास. आठ मिनिटं आपण सगळे त्याच्याबद्दलच भांडत होतो, प्रबुद्धा. तो मोजायचा की नाही यावर. आणि एक माणूस वीस पावलं चालत गेला नाही.

शिव्या दे, पण उत्तर दे.

मामा


२० जानेवारी २०२५

प्रिय प्रबुद्ध,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. एकच ओळ. 'मला नको सांगू, समितीला आणि सुयोगच्या आईला सांग.' खाली सहीसुद्धा नाही. पण अक्षर तुझंच. दोन वर्षांनी तुझं अक्षर बघितलं आणि मी रडलो, खोटं कशाला सांगू. नीलमने, तुझ्या मामीने, विचारलं काय झालं. म्हटलं, कांदा. ती कांदेपोह्यांची तयारी करतच होती, म्हणून खपलं.

सांगणं सोपं नाही रे. सुलक्षणाकाकी रोज सकाळी डबे पोचवायला आमच्याच गल्लीतनं जाते. मालवणीत हाक मारते, "अंबादास, बरो आसंस मां?" मी बरा आहे म्हणतो. तिला वाटतं तिचं पोरगं एका क्षणात गेलं. त्याच एका गोष्टीवर ती बाई उभी आहे, ती काढून घेऊ? पहिल्या दहा मिनिटांत कोणी पोचलं असतं तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले होते. ते वाक्य समितीच्या खोलीच्या बाहेर गेलं नाही.

काल सेमीफायनल होती. काल तो उभा होता.

डाव्या खांबाला डावा खांदा टेकवून. आणि उजवा हात वर. खेळाडू परत आत यायला परवानगी मागतो ना, तसा. तोंड रेफ्रीकडे नव्हतं. जिथे मी त्या दिवशी झेंडी घेऊन उभा होतो, त्या बाजूला होतं. आता तिथे दुसरा लाईनमन उभा राहतो, पण तो त्याच्याकडे बघत नव्हता. ऋतिकाने चित्र मागे-पुढे केलं. लाईनमन रेषेवर खाली-वर धावतो आणि काडीची मान त्याच्याबरोबर वळत नाही. मान थोडी वर उचललेली आहे. व्यायामशाळेच्या माडीकडे. आमच्या खिडकीकडे.

"काका, आज मी पुसणार नाही," ऋतिका म्हणाली. "तुम्हीच पुसा."

मी पुसला. शेवटचा, असं म्हणून पुसला.

येत्या रविवारी, सव्वीस जानेवारीला, फायनल. सम्यक विरुद्ध भांडुप, परत. यंदापासून कपाला सुयोगचं नाव दिलंय आणि बक्षीस द्यायला सुलक्षणाकाकी. मी समितीत हो म्हणायला हात वर केला होता, बाकीच्यांबरोबर. ये रे तू. आत येऊ नकोस, माझ्याशी बोलू नकोस, कुंपणाला उभा राहा. मला एकट्याला भीती वाटते. हे मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही.

मामा


२७ जानेवारी २०२५

प्रिय प्रबुद्ध,
जयभीम.

तू आलास की नाही मला माहीत नाही. कुंपणापाशी निळी टोपी दिसली होती, पण माझे डोळे आता भरवशाचे नाहीत. झालं ते सगळं लिहितो.

दुसऱ्या हाफमध्ये सम्यक देवनारकडचा गोल राखत होती. बरोबरी होती. सहा-सात मिनिटं उरली असताना केतनने चेंडू मारला. तोच केतन, आता पोट सुटलंय, पण पाय तसाच. गोल झाला. दोन पावलं पुढे होता, मला वरनं साध्या डोळ्यांनी दिसलं. लाईनमनने झेंडी वर केली, भांडुपवाले धावत सुटले, आणि रेफ्रीने व्हिडिओ मागितला. ऋतिकाने काड्या चढवल्या. बारा.

रेफ्री वॉकीटॉकीवर म्हणाला, "अंबादासकाका, ते नेहमीचंच ना? काढून टाका आणि सांगा. गोल लाईनच्या मागे कोणी आहे का?"

अगदी तेच शब्द रे.

ऋतिकाने माउस माझ्याकडे सरकवला. पडद्यावर तो हात वर करून उभा होता. मी माउसला हात लावला नाही. वॉकीटॉकीचं बटण दाबलं आणि म्हणालो, "आहे. एक जण आहे. त्याला धरा. गोल द्या."

"काय?"

"गोल द्या म्हणतोय ना!"

त्याने दिला. मग जी वाट लागली विचारू नकोस. सम्यकची पोरं जिन्यावरनं धडाधडा वर आली, "म्हातारा पिसाळलाय," "सेटिंग आहे," एकाने माझी कॉलर धरली. आणि त्यांच्या मागनं सुलक्षणाकाकी वर आली. पोरं बाजूला झाली. पाहुणी म्हणून तिला घातलेला हार तसाच गळ्यात होता.

"कोण आसा थंय?" तिने विचारलं.

ऋतिकाने लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. गवत, कनात, खांब, आणि हात वर केलेला काडीचा माणूस. मला वाटलं ती विचारेल, हे काय आहे, कोण आहे. तिने पदराने पडद्यावरची धूळ पुसली आणि म्हणाली, "सुयोग."

मग मी तिथेच, त्या पोरांसमोर, सांगितलं. तो छाती धरून गेला ते मी बघितलं, आणि रेफ्रीने विचारलं तेव्हा तुझ्या पोराला मी 'कोणी नाही' म्हणालो. झेंडी खाली घ्यायची लाज वाटली म्हणून म्हणालो. मग पडद्याकडे बोट दाखवून म्हटलं, "काकी, तो परवानगी मागतोय. आत यायची. मी द्यायला हवी होती."

तिने मान हलवली. "तो आत येवक मागणा नाय, रे. लहानपणी ताप इलो की असोच हात वर करी, 'आये, हंय ये' म्हणान." माझ्याकडे वळली. "तो तुका बोलावता. तुका दिसलो होतो तो हात, अंबादास?"

खाली भांडुपचे ढोल चालू होते. मी हो म्हणालो.

"कितको येळ?"

मी तेही सांगितलं. ती खुर्चीत बसली, माझ्याच खुर्चीत. हार काढून मांडीवर ठेवला. रडली नाही, मला मारलंही नाही. मी थांबलो होतो मारायची वाट बघत. थोड्या वेळाने उठली, खाली गेली, मैदानातनं सरळ चालत त्या खांबापाशी गेली आणि कनात वर करून आत बसली. खेळ थांबला तो थांबलाच. कप कोणीच घेतला नाही. ऋतिकाने परत काड्या चढवल्या. खांबापाशी एकच काडीचा माणूस होता, बसलेला, डोक्यावर पदर. दुसरा कोणी नव्हता.

समितीला आज लिहून दिलंय. नक्कल सोबत जोडलीय, रजिस्टर पोस्टाने पाठवतोय, जपून ठेव. तुझं रेफ्रीचं कार्ड तुला परत मिळायलाच हवं, त्यासाठी बोलावतील तेव्हा जा, माझ्यावर दया दाखवू नकोस. लीगने मला काढलंय, ते बरोबर केलंय.

जुन्या रिपोर्टात मी लिहिलं होतं, 'गोल लाईनच्या मागे कोणीही आढळले नाही.' नव्यात लिहिलंय की होता. तुझ्यापासूनही मी जे लपवलं होतं, तेही लिहिलंय. कनातीच्या खालनं हात बाहेर आला होता. माझ्याकडे. रेषेवर सरळ बघणारा मी एकटाच होतो, त्यामुळे तो दुसऱ्या कुणाला दिसणं शक्यच नव्हतं, आणि सुयोगला ते माहीत असणार, डिफेंडर होता तो. चार मिनिटं तो हात वर होता. तू माझ्याकडे विचारायला चालत येत होतास तेव्हाही होता. तुझी पाठ तिकडे होती.

तू विचारलंस आणि मी कोणी नाही म्हणालो. तू वळलास. तू तिकडे बघायच्या आत तो हात खाली गेला, आणि प्रबुद्धा, मला हायसं वाटलं.

अंबादास